सीलबंद पाकिटातला फोन

ती घटना आठवली की टेबलावर वाजत पडलेला फोन मला आजही बघवत नाही. घरात कुणी फोन उचलायला जरा उशीर केला, की मी ओरडतो. बायको म्हणते, निवृत्त झालात तरी ठाण्यातला आवाज काही गेला नाही. तिला सगळी हकिगत माहीत आहे, तरी म्हणते.

मी तेव्हा शहापूरला निरीक्षक होतो आणि निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. या वयात पोलिसाला एक वाईट सवय लागते. समोरचा माणूस खुर्चीत टेकायच्या आत त्याने काय केलं असेल ते आपल्याला कळलंय, असं वाटू लागतं. मला ती सवय चांगलीच लागली होती.

खबर दिली ती कचेरीजवळच्या एका झेरॉक्सवाल्याने. आटगावचा एक म्हातारा दोन दिवसांत सात जणांचे पासपोर्ट मोबाइलवरून छापून घेऊन गेला होता. दुकानात उभ्या उभ्या तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, "बॉर्डरवर एकेकट्याने जाऊ नका, सगळे एकदम जा." झेरॉक्सवाला मला म्हणाला, "साहेब, मला तर माणसं पळवण्याचा धंदा वाटतो. नाव माझं नको."

मागच्याच वर्षी एका एजंटाने मुरबाडकडच्या वाड्यांतली माणसं परदेशी कामाला म्हणून नेली होती आणि विमानतळाबाहेर बसवून तो पसार झाला होता. ती माणसं दोन दिवस तिथंच बसून होती. तो एजंट मला कधीच सापडला नाही, आणि ती गोष्ट मनात सलत होती. त्यामुळे ही खबर ऐकल्यावर मी जरा जास्तच तत्परतेने उठलो. स्टेशन डायरीला नोंद केली, दोन पंच घेतले आणि सकाळी नऊ वाजता आटगाव स्टेशनपासून दहा मिनिटांवरच्या त्या घरी जाऊन धडकलो.

दार उघडलं ते पांढरा सदरा घातलेल्या, खिशाला दोन पेनं लावलेल्या एका गृहस्थाने. वय सत्तरीच्या आसपास. एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून तीसेक वर्षं काढलेला माणूस. आजूबाजूचे लोक त्याला अजूनही कंट्रोलरच म्हणतात, म्हणून मीही इथे तेच म्हणतो.

घरात शिरलो आणि समोरची भिंत पाहून मला वाटलं, आपलं काम झालंच. स्टँडवर असतो तसा मोठा काळा फळा आणि त्यावर खडूने लिहिलेली परदेशी गावांची नावं, एकाखाली एक. मध्ये मध्ये 'फाटा' असं लिहून दोन बाजूंना दोन रेघा. काही नावांवर फुली, काहींपुढे वेळ. टेबलावर एक वही आणि सात पासपोर्टच्या प्रती. याहून पुरावा तो काय हवा? वही, प्रती आणि त्याचा मोबाइल मी जप्त केला. हवालदाराने मोबाइल पाकिटात घातला, पंचांच्या सह्या घेतल्या आणि लाखेचं सील ठोकलं. मोबाइल आधी बंद करायचा असतो. घाईत ते राहिलं. माझ्या नोकरीतल्या चुकांची यादी मोठी आहे, पण तिच्यातल्या या एका चुकीचे मी आजही आभार मानतो.

कंट्रोलर एवढंच म्हणाला, "साहेब, मी येतो. पण फोन माझ्याजवळ राहू द्या."

"ठाण्यात बोलू," मी म्हणालो.

अकरा वाजता त्याला समोर बसवलं. मी नेहमीच्या पद्धतीने सुरुवात केली. आधी गप्प राहायचं, कागद चाळायचे, समोरच्याला घाम फुटू द्यायचा. याला घाम फुटला, पण माझ्यामुळे नाही. टेबलावरचं पाकीट वाजायला लागलं होतं. सीलबंद पाकीट थरथरत टेबलाच्या कडेकडे सरकत होतं आणि हवालदार ते पुन्हा मध्यावर आणून ठेवत होता.

"साहेब, काय विचाराचं ते विचारा. मी नाय कुठं म्हणतो? पण तो एक फोन घेऊ द्या."

"कुणाचा आहे?"

"पोरीचा. आपल्या मुरबाड तालुक्यातली हाय."

मग त्याने सांगितलं ते असं. धसईच्या वरच्या अंगाला एक ठाकरवाडी आहे. तिथली एक मुलगी एका परक्या देशात म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायच्या कामावर गेली होती. वाडीतून परदेशी गेलेली ती पहिलीच. शाळेत असताना ती कंट्रोलरच्याच स्टँडवर एसटी पकडायची, म्हणून अडचणीत तिने त्यालाच फोन लावला होता. त्या देशात दंगे उसळले आणि दोन्ही मोठे विमानतळ बंद झाले. शहापूर-मुरबाडकडचे आणखी सहा जण तिला तिथे भेटले. सातही जणांची नावं कंट्रोलरने आधी वकिलातीला कळवली होती, प्रती त्यासाठीच काढल्या होत्या. पण वकिलातीची सोय व्हायला वेळ लागणार होता, आणि ते राहत होते त्या वस्तीला आता आगी लागू लागल्या होत्या. म्हणून तो त्यांना रस्त्याने शेजारच्या देशात काढत होता. तिथल्या एका छोट्या विमानतळावरून विमानं सुटत होती.

"तुम्ही कधी त्या देशात गेलात?" मी विचारलं.

"मी विमानात पन नाय बसलो."

मी हसलो. हवालदारही हसला. आम्ही हसत असतानाच पाकीट पुन्हा वाजलं. "साहेब, सहावा," हवालदार म्हणाला. कसलाही हिशोब ठेवायची त्याला सवयच होती.

मला कंट्रोलरचं पटलं नाही. विमानात न बसलेला माणूस आटगावात बसून परदेशातली वाट दाखवतो, हे कुणाला पटेल? मी तेच तेच प्रश्न फिरवून विचारत राहिलो. एजंट कोण? तिथला माणूस कोण? तो तेच उत्तर देत राहिला आणि दर वेळी त्याची नजर पाकिटाकडे जात राहिली. सराईत माणूस दाराकडे बघतो, खिडकीकडे बघतो, साहेबाच्या चेहऱ्याकडे बघतो. हा यातलं काहीच करत नव्हता. तिथेच मला कळायला हवं होतं.

दीड वाजायला आला तेव्हा बाहेर गलका झाला. ठाणे अंमलदार एका बाईला अडवत होता आणि ती अडत नव्हती. काळीसावळी, बारकी बाई, आटगावात फोन करून कंट्रोलर कुठे आहे ते कळल्यावर दोन एसट्या बदलून आलेली, हातात शेजाऱ्याचा मोबाइल. ती त्या मुलीची आई होती.

"सायेब, तुमी ह्या कंटोलरला कशाला धरून ठिवलाय?" ती आत येऊन म्हणाली. "माजी पोर तिकडं फाट्यावर उबी हाय. हा वाट सांगंल तवा ती हलंल. हा फोन उचलीत नाय म्हनून तिनं आमच्या शेजाऱ्याला लावला. मी काय सांगू तिला? मला धसईच्या पुढं वाट ठावी नाय."

ती ना रडली, ना पाया पडली. कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन पाकिटाकडे बघत बसली. तेवढ्यात पाकीट पुन्हा वाजलं. हवालदार या वेळी आकडा बोलला नाही.

मी पाकीट उचललं आणि सील तोडलं. लाखेचे तुकडे टेबलभर उडाले. पंचांपैकी एक जण बाहेरच चहा पीत होता, त्याला हाक मारून आत उभा केला. वाजता फोन उचलला, स्पीकर चालू केला आणि तो कंट्रोलरपुढे ठेवला.

यापुढचं मी केवळ ऐकत होतो.

"काका!" मुलीचा आवाज. "कुठं होता तुमी? सगळी गाडीत बसली. मोठा रस्ता चालू हाय म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"इथले सगळेच."

"इथल्यांना नाय विचाराचं, गो. तिकडून आलेला कोण हाय तिथं?"

"एक टेंपो हाय. आताच आला. तो पन चालू म्हणतो."

"भरलेला हाय का रिकामा?"

"रिकामा."

"आता त्याला विचार, परत त्याच रस्त्यानं कधी जानार?"

फोनवर परक्या भाषेतलं बोलणं ऐकू आलं. ती भाषा त्या मुलीने दोन वर्षांत शिकून घेतली होती. मग ती म्हणाली, "नाय जानार म्हणतो. बहिणीकडं राहनार दोन दिवस."

कंट्रोलरने माझ्याकडे पाहिलं. मला समजावं म्हणूनच पाहिलं असेल. "रिकामी गाडी घेऊन कोण मुक्काम करतं, साहेब?" मग फोनमध्ये, "मोठा रस्ता सोड. दुधाची गाडी आली का?"

"आली. ती उभी हाय. किटल्या खाली करून झाल्या."

"तिचा ड्रायव्हर काय म्हणतो?"

"तो आता निघाला परत. रोज जातो म्हणतो. उद्या पहाटे परत येनार."

"मग त्याच्या मागं लावा गाडी. तो थांबंल तिथं थांबा, तो वळंल तिथं वळा. त्याचं गाव बॉर्डरला लागून हाय, फळ्यावर लिवलंय मी. तिथं छोटी चौकी हाय, शिक्का मारून घ्या. शिक्क्याबिगर पुढं पाय टाकाचा नाय."

फोन बंद झाला.

मग मी त्याला नीट विचारलं, पोलिसासारखं नव्हे. तो म्हणाला, पावसाळ्यात माळशेज घाटात दरड आली की सरकारी फोन एक सांगायचा, लोक दुसरं सांगायचे. तो मात्र घाट उतरून आलेल्या ड्रायव्हरला विचारायचा आणि शेवटी एकच प्रश्न टाकायचा, परत याच रस्त्याने जाणार का? बोलायला कुणीही बोलतं, पण परत जायचं म्हटलं की ड्रायव्हर खोटं बोलत नाही. त्यावर तो फळ्यावर गाडी लावायचा किंवा फुली मारायचा. परदेशातही त्याने तेवढंच केलं होतं. चार दिवस, फाट्या-फाट्यावर, त्या मुलीकरवी परक्या ड्रायव्हरांना विचारत.

"नकाशा नाही बघितलात?"

"बघितला की. पन घाट चालू हाय का, ते नकाशात नसतं ना."

संध्याकाळी सव्वापाचला निरोप आला. सातही जण चौकी ओलांडून पलीकडे पोचले होते, पासपोर्टवर शिक्के मारून. आईला सांगितलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला आणि मग कंट्रोलरलाच विचारलं, "जेवली का ती?" दुसऱ्या दिवशी बातमी कळली की मोठ्या रस्त्यावरचा पूल त्याच दुपारी जमावाने अडवला होता. पुलावरच्या गाड्या पेटवल्या होत्या.

मी स्टेशन डायरीत लिहिलं, 'सील माझ्या आदेशाने, पंचासमक्ष तोडले. कारण, फोन वाजत होता.' वरिष्ठांनी खुलासा मागितला. मी हेच वाक्य पुन्हा लिहून पाठवलं. पुढे काही झालं नाही. वही, प्रती आणि फोन मी स्वतः आटगावला नेऊन दिले आणि चहा घेऊन आलो. तो फळा पुन्हा एकदा डोळे भरून पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला त्यात गुन्हा दिसला होता. आता पाहिलं तर एका नावावरची फुली तीनदा पुसून पुन्हा काढलेली होती. दर वेळी त्याने कुणाला तरी नव्याने विचारलं होतं. मी त्याला एकदाही काही नव्याने विचारलं नव्हतं.

पुढच्या दीड वर्षात मी साक्षीदारांना त्याचा प्रश्न माझ्या पद्धतीने विचारू लागलो. तू तिथे होतास की ऐकलंस? आणि होतास तर उद्या कोर्टात, आरोपीसमोर उभा राहून, हेच सांगशील? त्या प्रश्नावर किती जण चुळबुळतात, ते बघून थक्क व्हायला होतं.

महिन्याभराने ती मुलगी आईबरोबर ठाण्यात आली. चोवीस-पंचवीसची, आईसारखीच बारकी. वाडीतल्या काकड्या घेऊन आली होती. मी तिला म्हणालो, "तुझे फोन वाजत होते आणि मी बघत बसलो होतो. अकरा वेळा. चूक माझी."

तिने काकड्या टेबलावर ठेवल्या. मग म्हणाली, "बाकीची सगळी गाडीत बसली होती, साहेब. मोठ्या रस्त्याला निघालोच होतो. मी म्हटलं, थांबा, काकांना शेवटचा एक फोन लावते, मग निघू."

ती गेली. काकड्या टेबलावर होत्या. त्या दिवशी पाकीट होतं, बरोबर त्याच जागी.