आईचा डोळा

आईला साखरेचा आजार होता. रोज सकाळी कंपाउंडर सायकलवर येऊन तिला सुई टोचायचा. नगर जिल्ह्यातल्या बेलापूरजवळच्या आमच्या वस्तीवर लोकांना या सुईचं कौतुकच जास्त. दुष्काळातल्या त्या नवरात्रात आईनं नऊ दिवसांचा उपास धरला. पोटात अन्न नाही तर सुई कशाला, असं थोरल्या चुलत्यांनी ठरवलं आणि कंपाउंडरला येऊ नको म्हणून सांगितलं. आमच्या घरात त्यांनी ठरवलं की ठरलं.

घट उठले तेव्हा तिचा डावा गाल सुजला होता, नाकातून काळपट पाणी येत होतं आणि डोळा पुढं आला होता. काळं म्हणजे शनीच, असं म्हणत चुलत्यांनी तिला जीपमध्ये घालून शिंगणापूरला नेलं. चौथऱ्यावर बायकांना जाता येत नसे. म्हणून ओलेत्यानं तेल त्यांनी घातलं आणि आई जीपमध्ये कण्हत बसली. मला आजही त्याची चीड येते.

मग नगर. डॉक्टरांनी तिच्या नाकात, टाळूला बघितलं. शिळ्या भाकरीवर धरते तसली बुरशी आहे, म्हणाले. सुई बंद झाली की उपाशीपोटीही साखर वाढते, इतकी की अंगात झुंजायची ताकद उरत नाही, मग ही बुरशी नाकातून डोळ्यात आणि तिथून मेंदूत शिरते. असा रोगी त्यांनी आधी एकच पाहिला होता. औषध मुंबईत मिळालं तर मिळालं. पण डोळा आणि गालाचं हाड आजच काढलं, तर ती जगण्याची आशा होती.

चुलत्यांनी व्हरांड्यातच बैठक मांडली. बिनडोळ्याची बाई घरात दिसली तर माझी सोयरीक कोण करणार, हा त्यांचा मुद्दा. वडील मान खाली घालून ऐकत राहिले. आई पूर्ण शुद्धीवर होती. तिनं मला जवळ बोलावलं.

"त्यांना सांग, डोळा माझा हाय. काढा म्हनावं. मला जगायचं हाय."

मी जाऊन सांगितलं. चुलत्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"बाईमानसाचं बोलनं हाय ते," ते डॉक्टरांना म्हणाले. "आमी घरी नेतो."

घरी आणल्यावर ती आठवडाभरही टिकली नाही.

दोन-तीन वर्षांत साखरेनंच चुलत्यांचा पाय सडला. तेव्हा कुठली बैठक बसली नाही. पाय गेला तरी चालंल, जीव राहिला पायजे, असं म्हणत त्यांनी स्वतः सही केली. पुढं बरीच वर्षं ते कुबड्या घेऊन प्रत्येक लग्नात पहिल्या पंगतीला बसले. लोक उठून त्यांना जागा करून द्यायचे. माझ्या लग्नातसुद्धा.