दुसरा डोळा

आमच्या पेणकडच्या गावात गणपतीचा कारखाना म्हणजे घराशेजारची पत्र्याची शेड. तिथे मुकुट, पितांबर, सोंड कुणीही रंगवावी. डोळे मात्र माझ्या मोठ्या जावेने. डोळ्यांचा ब्रश ती चक्क अंबाड्यात खोचून ठेवायची.

"ताई, झोपताना तरी काढता का?" मी विचारायची.

"तुझ्या हाती गेला तर देव चकणा व्हायचा."

तिचा एक नियम होता. एक डोळा आखला की दुसरा झाल्याशिवाय उठायचं नाही. देवाला अर्धवट बघत ठेवायचं नाही. दूध उतू जावो, दीर जेवायला हाका मारून दमोत, बाई ढिम्म.

चक्रीवादळ येणार म्हणून टीव्ही सकाळपासून ओरडत होता, आणि आम्ही परदेशी जाणाऱ्या मूर्ती उरकत होतो. वारं सुटलं तसे सगळे घरात पळालो. तिचा नेमका एक डोळा झालेला.

"ताई, उठा!" मी दारातून ओरडले.

"ह्यो एवढा होऊ दे गं."

तेवढ्यात वरचा पत्रा सुटून तिच्या उजव्या मनगटावर आला. दिरांनी तिला ओढत घरात आणलं. मांडीवरचा गणपती तिने डाव्या हाताने छातीशी धरला होता. मागे वाऱ्याने शेड उचलली, पावसाने शाडूच्या मूर्तींचा पुन्हा चिखल केला. मी इतकी घाबरले की रडूही येईना.

रस्ते झाडांनी अडलेले, डॉक्टर गाठणं शक्य नव्हतं. तिच्या सुजलेल्या बोटांत ब्रश तसाच अडकला होता. तो तिने माझ्यापुढे केला.

"बस. ह्याचा डोळा राह्यलाय."

मी ब्रश घेऊन आखायला बसले. वेदनेने कण्हतानाही तिच्या सूचना चालूच: "बारीक. तुझ्यासारखा बटबटीत नको." झाल्यावर तिने बराच वेळ पाहिलं.

"चकणा हाय," ती म्हणाली. "पन पुसू नको. ह्याला आपल्याच घरात बसवू."

मनगटाचं हाड जुळलं, पण तिची ती बारीक रेघ परत आली नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं. आता डोळे मी आखते, ब्रश माझ्या अंबाड्यात असतो, आणि ती शेजारी बसून चुका काढते. फक्त वाऱ्याने नवा पत्रा जरा वाजला की तीच आधी ओरडते, "ऊठ गं! येका डोळ्यानं देव आंधळा व्हत न्हाय!"

मी म्हणते, "हा एवढा होऊ दे, ताई."

मग ती माझं मनगट घट्ट धरते आणि मला ओढत घरात नेते.