हाताला बसेल असं पिस्तूल

"दादा, माझ्या हाताला कोणतं बसंल?"

हे मी किती वेळा विचारलं ते मलाच आठवत नाही. दादानं उत्तर कधीच दिलं नाही. एकदा म्हणाला, "आधी फडकं आण." एकदा म्हणाला, "गिऱ्हाईक हाय, नंतर बघू." एकदा नुसताच हसला. आता विचारायची सोयच राहिली नाही.

नांदेडात आमचं बंदुकांचं दुकान. वडिलांनी काढलेलं, त्यांच्या माघारी मोठा भाऊ मन्मथ चालवायचा. लोक त्याला अप्पा म्हणायचे, मी दादा. मी धाकटा, नाव बसू, सातवी नापास, म्हणून पुसायला आणि उचलायला. अशा दुकानात गिऱ्हाईक कमी येतं, पण आलं की दोन-दोन तास बसतं. पिस्तूल म्हणजे काही मेथीची जुडी नाही, पिशवीत टाकली आणि चालला! त्यामुळे माल हलायचा नाही आणि किस्से साचत जायचे. धूळ साचली तर मी पुसायचो. किस्से पुसता येत नाहीत. परवाना दादाच्या नावावर होता, म्हणून दुकानाला सध्या कुलूप आहे आणि मला काम नाही. मित्र म्हणतात, बसू, रडत बसण्यापेक्षा सांग. सांगतो. पण एक आधीच कबूल करतो. यातल्या एकूण एक माणसावर मी जळायचो. अजून जळतो!

*

लातूर जिल्हा नवा झाला आणि आमच्याकडे त्या बाजूची माणसं वाढली. आधी त्यांना परवान्यासाठी उस्मानाबादला खेटे घालावे लागायचे. आता कलेक्टर कचेरी जवळ आली. परवाना हातात पडला की माणूस एसटीत बसून थेट नांदेडला. "अप्पा, भरोशाचं आन् हाताला सोयीचं एक पिस्तूल दाखवा."

दादा पिस्तूल दाखवायचाच नाही. आधी पाणी द्यायचा. पितळेचा तांब्या, काठोकाठ भरलेला.

आणि हे कोणत्या दिवसांत? तिसरं कोरडं साल! आमच्या गल्लीत चार दिवसांनी टँकर यायचा. मी रांगेत भांडून दोन घागरी मिळवायचो आणि त्यातलं गार पाणी परक्या माणसाला!

गिऱ्हाईक पाणी प्यायचं, दादा त्याचा हात बघायचा. तांब्याच्या गळ्याला बोटं पुरतात का, मनगट वाकतं का, पाणी डचमळतं का. मग पिस्तूल रिकामं असल्याचं दोनदा बघून त्याच्या हातात द्यायचा आणि समोरच्या भिंतीवरचा खिळा दाखवायचा. "खिळा बघा. डोळे मिटा. हात उचला. आता डोळे उघडा." नळी खिळ्याकडे असली तर पिस्तूल त्या हाताचं. नसली तर दुसरं काढायचं. शेवटी तो हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचा, अंगठा सरळ करायचा, करंगळी मुठीला लावायचा आणि विचारायचा, "बसलं का?"

एकेकाचा हात पाच-पाच मिनिटं धरायचा. माझा धरलेला मला आठवत नाही. लहानपणी रस्ता ओलांडताना धरला असेल, तर तेवढाच.

*

लातूरचा एक ठेकेदार आला. नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या बांधून बांधून नवा मालदार झालेला. आठ बोटांत आठ अंगठ्या!

"अप्पा, सगळ्यात मोठं काढा."

दादानं एक हातात दिलं. अंगठ्या मुठीवर कटकट वाजल्या. बोट चापापर्यंत जाईना.

"अंगठ्या काढा मालक."

"निघत न्हाईत. लग्नातल्या हायत, सासऱ्यानं घातलेल्या."

मी साबण आणला, तेल आणलं. एक निघाली. बाकीच्या हलेनात.

दादा म्हणाला, "मालक, मग ह्या हातात पिस्तूलबी सासऱ्यालाच घालू द्या!"

ठेकेदार हसत हसत गेला. महिन्यानं परत आला तो मोकळ्या बोटांनी. सोनाराकडून सगळ्या अंगठ्या कापून घेतल्या होत्या. अप्पाच्या शब्दासाठी! माझ्या शब्दाखातर कोणी नखसुद्धा कापलं नसतं.

*

उदगीरचे दोघं साडू, दोघंही आडते. धाकट्यानं आमच्याकडून छोटं, हलकं पिस्तूल नेलं. आठवडा व्हायच्या आत थोरला हजर.

"त्याचं केवढं हाय?"

"त्याच्या हाताएवढं," दादा म्हणाला.

"मला त्याच्याहून बोटभर लांब पाहिजे."

दादानं परोपरीनं समजावलं. "मालक, लांब काय करायचंय? हे दिवसभर अंगावर बाळगायचं हाय. जड झालं की तुम्ही चार दिवसांत कपाटात टाकाल. मग असून काय अन् नसून काय?"

ऐकेल तो साडू कसला! नेलं. मेहुण्याच्या लग्नात कमरेला खोचून धाकट्याच्या पुढून दोन चकरा मारल्या. मग अक्षता टाकायला दोन्ही हात वर केले आणि पिस्तुलाच्या वजनानं पायजम्याची नाडी सुटली. भर मांडवात!

चौथ्या दिवशी दुकानात आला. "अप्पा, तुमच्या पिस्तुलानं माझी इज्जत घेतली!"

"पिस्तूल भरोशाचंच हाय मालक," दादा म्हणाला. "नाडी नव्हती."

दुकानातले सगळे हसले. मी नाही हसलो. दुसऱ्याकडे आहे त्याच्याहून बोटभर जास्त पाहिजे, हे दुखणं मला चांगलं ठाऊक आहे.

*

उमरीकडचे एक शेतकरी चिडून आले. "जर्मन म्हणून दिलं तुम्ही! चाप ओढला तर नुसतं ठप्प!"

दादानं पिस्तूल उघडलं. आतून हळद पडली. मग कुंकू. मग मॅगझीनमधून तांदळाचे दाणे! खंडेनवमीला घरच्या बाईंनी मनोभावे पूजा केली होती.

"आंघोळबी घातली का?" दादानं विचारलं.

"मंग! वर्षाचा सण हाय. पर गावात पाणी कुठाय? म्हून दुधानं घातली!"

दादानं कपाळाला हात लावला. "काका, पुढल्या साली लांबून पाया पडा. चांगलं पिस्तूल म्हंजे दर खेपेला तसंच चालणारं. पर त्याला तेल लागतं, दूध न्हाई."

तीन दिवस ब्रशनं घासून ते मी साफ केलं. न्यायला आले तेव्हा काकांनी दादाचे हात धरले. "अप्पा, तुमच्या हातात जादू हाय!"

जादू माझ्या नखांत होती. हळद आठ दिवस निघाली नाही.

*

आमचं मूळ गाव शिरूर अनंतपाळच्या बाजूला. तिकडच्या एका पाटलीणबाईंना दादा अक्का म्हणायचा. मालक वारलेले, आख्ख्या शिवारात पाणी फक्त त्यांच्या विहिरीला. दुकानात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "प्यायला मी कोणालाबी न्हाई म्हणत न्हाई. पर एकजण दांडगाईनं माझ्या विहिरीवर मोटर लावून उसाला पाणी नेतोय. मला पिस्तूल दे."

दादानं तांब्या दिला, खिळा दाखवला. हात दगडासारखा! दादा खूश. "अक्का, वेळ आली तर चालवाल का?"

"चालवू? अरं, माणूस मरंल की! मला नुसतं हाय असं दिसाया पाहिजे."

दादानं कातड्याचं एक कव्हर काढलं. आत लाकडाचा तुकडा बसवला, मूठ तेवढी बाहेर. "हे कमरेला लावा. परवानाबी लागत न्हाई."

वर्षानं अक्का आल्या. "मोटर गेली. कव्हर उसवलंय, शिवून दे."

दादा किती दिवस सांगत होता, "असं भरोशाचं पिस्तूल मी जन्मात विकलं न्हाई!"

लाकडाची ती मूठ मी तासली होती, अक्काचा हात लांबून बघून. हे अक्काला कोणी सांगितलं नाही.

*

आता माझा किस्सा. एकच आहे.

दादा कागदांसाठी लातूरला गेला होता. जाताना बजावून गेला, "गिऱ्हाईक आलं तर बसव. काही दाखवू नको." आणि आला एक पेट्रोल पंपाचा तरुण मालक. मी सरळ दादाच्या खुर्चीत बसलो!

तांब्या दिला. त्यानं उजव्या हातानं घेतला, बोटं पुरली, थेंब सांडला नाही. खिळा दाखवला. नळी जरा बाजूला गेली. "सवयीनं होईल," मी म्हणालो. त्याचा हात दोन्ही हातांत घेतला, अंगठा सरळ केला. "बसलं का?"

तो बिचारा भिडस्त. "हाव, बसलं."

दुकानातलं सगळ्यात भारी पिस्तूल मी त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, इतका आनंद!

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन आला. दादानं त्याला पुन्हा पाणी दिलं. तो प्याला, तांब्या खाली ठेवला आणि दादा माझ्याकडे वळला. "बश्या, हा डावखुरा हाय!"

"उजव्या हातानं घेतला की तांब्या!"

"पाणी डाव्या हातानं कोण घेतो रे? कोणाच्या आईनं घेऊ दिलंय? पिऊन झाल्यावर तोंड कोणत्या हातानं पुसतो ते बघायचं. ते कोणी शिकवलेलं नसतं."

मी बघितलं. पंपवाला डाव्या हातानं ओठ पुसत होता!

दादानं दुसरं पिस्तूल काढलं, चाप अडवून धरणारा खटका डाव्या अंगठ्याला पोचेल असं. त्याचा डावा हात धरला. "बसलं का?"

"आता बसलं अप्पा!"

गिऱ्हाईक जाताच मी तो तांब्या उचलला आणि अंगणात फेकला. पाण्यासकट! तांब्याला मोठा पोचा पडला. दादानं तो गुपचूप उचलून आणला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यातच पाणी भरलं.

मीच शेवटी बोललो. "मग मी कोणत्या हातानं पुसतो?"

"तू? तू बाहीला पुसतोस!"

*

उकळलेलं, गाळलेलं पाणी तांब्यात जायचं. स्वतः दादा घागरीतलं तसंच प्यायचा. कावीळ झाली.

दवाखान्यात डॉक्टर नवा, पोरसवदा. सलाईनची सुई तीनदा टोचली, तीनदा चुकली. मी त्याच्या अंगावर धावून गेलो.

"थांब बश्या," दादा म्हणाला. पिवळे डोळे उघडून त्यानं डॉक्टरचा हात धरला, अंगठा सरळ केला. "लई आवळून धरलंय डॉक्टरसाहेब. आवळलं की नेम चुकतो. सैल धरा."

चौथ्यांदा सुई आत गेली.

"बसली का?" दादानं विचारलं.

"बसली अप्पा," डॉक्टर म्हणाला. तोसुद्धा अप्पा! दोन दिवसांची ओळख आणि त्याचा हात धरला. मी कॉटच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो.

डॉक्टर गेल्यावर मी विचारलं. "दादा, माझ्या हाताला कोणतं बसंल?"

"पाणी दे," तो म्हणाला.

पोचा आलेल्या तांब्यातून मी दिलं. प्याला आणि झोपला. पुढं बोलला नाही.

*

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला बसवून माती देतात. जन्मभर गळ्यात असलेलं त्याचं इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवतात. गावाकडच्या आमच्या रानात खड्डा घ्यायचा होता. जमीन इतकी वाळलेली की टिकाव उडून परत यायचा.

सगळे आले. ठेकेदार आला, मोकळ्या बोटांचा. दोघं साडू एका जीपमधून उतरले. उमरीचे काका आले. अक्का आल्या, कमरेला कव्हर. पंपवाला आला. सगळे माझ्याहून मोठ्यानं रडत होते आणि एकमेकांना तेच सांगत होते. "अप्पानं माझा हात असा धरला होता." "माझा तर दोन्ही हातांत घेतला होता."

मी ओरडलो, "बाजूला व्हा! तुमचे सगळ्यांचे हात धरून झालेत!"

सगळे मागं सरकले.

दादाला खाली बसवलं. विधीला आलेल्या स्वामींनी खड्ड्यात उतरून त्याच्या तळहातावर लिंग ठेवलं. ते ठरेना. पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरलं. बोटं ताठ झाली होती, मिटत नव्हती. "खाली उतरून कोणीतरी धरा," म्हणत स्वामी वर आले.

मी उतरलो. दादाचा डावा हात दोन्ही हातांत घेतला. माझ्या हातापेक्षा लहान होता. मला वाटायचं, मोठा असेल.

लिंग मधोमध ठेवलं. आवळलं नाही, सैलच धरलं. अंगठा सरळ केला. मग एकेक बोट मिटत आणलं. शेवटी करंगळी लावली.

वरून स्वामींनी विचारलं, "बसलं का?"

उजव्या हातानं दादाचा हात तसाच धरून ठेवला, डाव्या हातानं तोंड पुसलं आणि म्हणालो, "बसलं."