माझं लग्न आणि आईचे असील

आमच्या घरी कोंबड्या होत्या, पण अंडं खायचं झालं तर आम्ही ते शेजारून मागून आणायचो. परगावचा पाहुणा हे ऐकून हसायचा. आमच्या कामरगावात मात्र कुणी हसत नसे, कारण आईसमोर हसायची कुणाची छाती नव्हती.

त्या कोंबड्या आईला शेजारच्या पिंजाऱ्याच्या म्हातारीने दिल्या होत्या. तिला आम्ही खाला म्हणायचो. खाला मोगलाईत लेकाकडे कायमची राहायला निघाली, तेव्हा एक नर आणि दोन माद्या टोपलीत घालून आमच्या ओसरीवर आली. "बाई, हे असील हायेत. खानदानी जानवर. यायच्यात गावरान रगत मिसळू देऊ नोका. बस, एवढंच." आणि डोळे पुसत निघून गेली.

आईने ते व्रतासारखं धरलं. उंच मान, ताठ छाती, डोक्यावर बोटाच्या पेराएवढा तुरा, जाड पिवळे पाय, असा तो नर अंगणात उभा राहिला की आमचे वडील त्याच्यापुढे साधेच दिसायचे. शेजारणीचा गावरान कोंबडा आमच्या कुंपणावर चढला की आई पराटीची वाळकी काठी घेऊन धावायची.

"काहून मारून राह्यली माह्या कोंबड्याले? काय बिघडवलं त्यानं तुह्यं?" शेजारीण ओरडायची.

"आजून बिघडवलं नाई, म्हनूनच मारून राह्यली," आई म्हणायची.

असीलची मादी अंडी घालते थोडी. जी घालते ती सगळी उबवायला ठेवायची, हा आईचा नियम. पिल्लं महिन्या-दोन महिन्यांची झाली की एकमेकांची डोकी फोडायला लागत. मग प्रत्येक नराला वेगळी डाल, म्हणजे उपडी ठेवायची बांबूची मोठी टोपली. बघता बघता अंगणात सहा डाली झाल्या आणि वडिलांची खाट गोठ्यात गेली. त्यांनी कधी कुरकूर केली नाही. निदान आईला ऐकू येईल अशी नाही.

कारंज्याचे झुंजीचे शौकीन नर मागायला यायचे. आई नाही म्हणायची.

"पन बाई, असील झुंजीसाठीच असतो," एकजण म्हणाला.

"असंन. झुंजीत डोये फुटतेत. माहे नाई झुंजत."

"मंग ठेवता कायले?"

आईने एका डालीखाली ज्वारी सारली. मग म्हणाली, "असील राहावा म्हनून."

त्यामुळे ज्यांच्या सात पिढ्या झुंजीत गेल्या, ते आमच्या अंगणात डालीखाली बसून भिजवलेली ज्वारी खात होते आणि लठ्ठ होत होते.

अशात मला बघायला पाहुणे आले. कारंज्याच्या पलीकडच्या खेड्यातले, खाऊनपिऊन सुखी शेतकरी. मला पाटावर बसवलं, उठवलं, चालवलं, नाव विचारलं. मी मान खाली घालून नाव सांगत होते, तेवढ्यात बाहेर कोंबडा आरवला. मुलाचे वडील उठून थेट अंगणात गेले. त्यांनी डाल उचलली, उकिडवं बसून नराची चोच पाहिली, मान पाहिली, पंख उघडून पाहिले, बोटं मोजली. माझ्याकडे त्यांनी याच्या निम्मा वेळही पाहिलं नव्हतं.

"याचा बाप कोनता?" त्यांनी विचारलं.

आईने दाराआडून त्याचा बाप, आजा आणि दोन्हीकडच्या आज्या सांगितल्या. माझ्या बाबतीत आजोळपर्यंतसुद्धा कुणी गेलं नव्हतं.

"पोरगी पसंत हाये," ते म्हणाले. "देन्याघेन्याचं काई नाई. फकत एक जोडी द्या पोरीसंगं."

वडिलांचा चेहरा खुलला. दाराआडून आवाज आला, "तुमच्या घरी कोंबड्या कोनत्या हायेत?"

"हायेत चार गावरान."

"मंग नाई जमत."

 वडील आत आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "अवं, पोरगी देऊन राह्यलो ना आपन त्यायले? मंग कोंबडीचं काय घेऊन बसली?"

"पोरगी संभायून घेईन सोताले," आई म्हणाली. "हे मुकं जानवर हाये."

लग्न मोडल्यातच जमा होतं. पण मुलाच्या वडिलांनीच माघार घेतली. लग्नाआधी गावरान कोंबड्या घरातून काढीन, असा शब्द त्यांनी दिला. पंधरा दिवसांनी आईने माझ्या मामाला खात्री करायला पाठवलं. मामा परत आला.

"गावरान एकबी नाई. बहिनीच्या घरी देऊन टाकल्या त्यायनं."

"अन् पोरगा कसा हाये?" वडिलांनी विचारलं.

"पोरगा वावरात गेल्ता. दिसला नाई."

वडील माझ्याकडे बघून हसले, मग उठून गोठ्यातल्या खाटेवर जाऊन पडले. लग्न झालं. मी बैलगाडीतून सासरी गेले ती मांडीवर टोपली घेऊनच. वाटेत नवरा पहिला शब्द बोलला तो असा: "चावते काय?" कोंबडीबद्दल विचारतोय की माझ्याबद्दल, ते मला कळलं नाही. मी मान हलवून नाही म्हटलं. पुढे दोन्ही बाबतीत ते खोटं ठरलं.

सासऱ्यांनी जोडीची बडदास्त ठेवली. पण त्यांची बहीण भिंतीपलीकडेच राहायची, आणि तिच्याकडे कोंबडाही होता. पुढे जोडीची पिल्लं मोठी झाली तेव्हा त्यातल्या दोघांच्या डोक्यावर त्या कोंबड्यासारखा चांगला लांब, करवतीसारखा तुरा आला. सासरे घाबरले. "तुह्या मायले सांगू नोको," मला म्हणाले. मी सांगितलं नाही. पण पंचक्रोशीत सांगणारे काय कमी होते?

लेकीला मूल होईपर्यंत आईने तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. तरीही आई आली. उंबऱ्याबाहेरूनच तिने सासऱ्यांना सांगितलं, "मी पोरीकडं नाई आली. कोंबड्याकडं आली."

ती खुराड्यापाशी बसली. एकेक पिल्लू हातात घेऊन पाहिलं. सासरे शाळेतल्या पोरासारखे उभे होते. आई रागावली नाही. तिने फक्त नर आणि मादी टोपलीत घातली, वरून लुगड्याचा तुकडा बांधला आणि उठली. मला वाटलं, आता मलाही चल म्हणेल. मी घरात जाऊन पदरही सारखा करून आले. तिने माझ्या गालावरून हात फिरवला, "धड खात जाय," म्हणाली आणि गाडीत बसली.

सासरे दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने आत्याचा कोंबडा येऊ नये म्हणून भिंतीवर काटे रचले, रचून झाल्यावर जोडी तर गेली हे त्याच्या लक्षात आलं, आणि मी हसले. तो पण हसला. लग्नानंतर आम्ही दोघं मिळून हसलो ते पहिल्यांदाच. ती मिसळलेल्या रक्ताची पिल्लं आमच्याकडेच राहिली. त्यांच्या कोंबड्या झाल्या, गंजीत, कोठीत, बैलाच्या गव्हाणीत कुठेही अंडी घालू लागल्या, आणि त्यांची आजी कोण, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही.