डॉक्टरपुढं माय एकदम ठणठणीत

मंडळी, आज डोकं फिरलं माझं.

बीपीची नवी गोळी सुरू झाल्यापासून मायले चक्कर येऊन राह्यली. काल मोरीत भिंत धरली म्हणून वाचली. आज आमच्या बोथहून आदिलाबादले डॉक्टरकडं नेलं, तर बसमध्ये सारा वेळ चकरेचंच गाऱ्हाणं.

डॉक्टरनं तेलुगूत विचारलं, "कसं आहे, अम्मा?"

मायले तेलुगूतलं येते ते एवढंच. हात जोडून म्हणते, "बागुन्नानु सार!" म्हणजे बरी आहे! डॉक्टर खूश, तीच गोळी पुन्हा लिहून देली. मी तोंड उघडलं, तर मायनं मलाच चिमटा काढला.

बाहेर येऊन विचारलं, "काऊन लपवलं वं माय?"

"अवं, सारानं इतक्या मायेनं इचारलं. त्याच्याच गोळीले नावं कशी ठेवू?"

हात धरून परत आत नेलं. म्हटलं, "तू मराठीत सांग, मी तेलुगूत सांगते." तेव्हा कुठं गोळी बदलली.

आता शेजारीण तब्येत विचाराले आली, तर माय चक्कर, मोरी, भिंत, सगळं रंगवून सांगून राह्यली.

तुमच्याही घरचे लोक डॉक्टरले सोडून साऱ्या गावाले दुखणं सांगतात का?