आधी उंची, मग वजन

बिबवेवाडीतल्या दवाखान्यात एखादं मूल वजनकाट्याकडे धावलं, की डॉक्टर मुलाणी मॅडम त्याला आधी भिंतीपाशी उभं करायच्या. आधी उंची, मग वजन. "अहो, नुसत्या वजनाला काय अर्थ? पोतं जोखतोय का आपण?" आणि "आमचा काही खातच नाही" म्हणणाऱ्या आईला चष्म्यावरून बघत विचारायच्या, "मग वाढतोय कशावर, हवेवर?"

माझी सई चौथीत असताना तिचा बीएमआय वयाच्या मानानं बराच वर गेला होता. मॅडम म्हणाल्या, "उपाशी ठेवायचं नाही हं. खेळू दे. उंची वाढतेय, वजन आहे तिथं थांबलं तरी पुष्कळ." पण शाळेतलं चिडवणं सईनं मनाला लावून घेतलं. सातवीत ती झरझर बारीक झाली. सोसायटीतल्या बायका कौतुक करायच्या, सासूबाई दृष्ट काढायच्या.

तपासणीला गेलो, तर वजन बऱ्यापैकी भरलं. मॅडम काट्याकडे नाही, सईच्या मनगटाकडे बघत होत्या.

"जॅकेट काढ, बाळ."

जॅकेटच्या खिशांतून आमच्या किराणा दुकानातली लोखंडी वजनं निघाली. इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून ती फळीवर पडून होती. मॅडम मात्र रागावल्या नाहीत. वजनं माझ्याकडे देऊन त्यांनी सईला पुन्हा काट्यावर उभं केलं, आकडा तिला दिसणार नाही असं पाठमोरं. मग मला बाहेर नेऊन म्हणाल्या, "आणखी उतरली तर जिवावर बेतेल. 'बारीक झालीस' म्हणून घरात कुणी कौतुक करायचं नाही. मानसोपचारतज्ज्ञांशी मी आत्ताच बोलते."

पुढे दर आठवड्याला सई मॅडमकडे वजन करायला जायची. आकडा विचारला की मॅडम म्हणायच्या, "ते माझं काम. तुझं काम जेवायचं." हळूहळू तिनं अंग धरलं. तरी परीक्षा असो की मैत्रिणीशी भांडण, मनाला काही लागलं की ती ताट सरकवायचीच.

गेल्या हिवाळ्यात मॅडम अचानक गेल्या. त्यांच्या घरच्यांना भेटून परतल्यावर सई थेट आपल्या खोलीत गेली. आता ही पुन्हा जेवण सोडणार, या धास्तीनं मी पानं घेतली. ती येऊन बसली. डोळ्यांतून धार लागली होती आणि ती एकेक घास गिळत होती. पानातली भाकरी संपल्यावर तिनं टोपलीतली आणखी चतकोर स्वतःच वाढून घेतली.