डेगूचे केस आणि मामांचे निदान

माझ्या मामांचे मुकुटबनला कृषी केंद्र आहे. तिथली निदानाची पद्धत मी लहानपणापासून पाहत आले आहे. शेतकरी कपाशीचे एखादे पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणतो. मामा ते उजेडाकडे धरतात, किडीचे नाव उच्चारतात आणि मागच्या फळीवरची बाटली काढतात. शेत पाहायला ते जात नाहीत. झाड कुठे उभे आहे, शेजारी काय पेरले आहे, पाणी कधी दिले, हे प्रश्न त्यांना वेळखाऊ वाटतात. या पद्धतीत चूक उघडकीला येण्याची सोयच नाही. पीक सुधारले तर श्रेय बाटलीचे, बिघडले तर दोष फवारणाऱ्याचा. इतकी सुरक्षित विद्या मला विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकताना कुणी शिकवली नाही.

हीच विद्या त्यांनी एका डेगूवर वापरायला घेतली.

डेगू हा दक्षिण अमेरिकेतला कुरतडणारा प्राणी. मुठीपेक्षा थोडा मोठा, तपकिरी, शेपटीच्या टोकाला काळा गोंडा असलेला. मामेभावाने नागपूरच्या एका दुकानातून दोन माद्या आणल्या, मोबाइलवर त्यांचे भरपूर कौतुक केले आणि नोकरी लागताच त्या आईवडिलांकडे टाकून तो बंगळूरला गेला. उन्हाळ्यात त्यांतली एक मेली. उरलेलीला मामीने जीव लावला. तिला पिंजरा दुकानामागच्या स्वयंपाकघरात हवा होता. पण ‘विदेशी खार’ पाहायला गिऱ्हाईक थांबते, हे लक्षात आल्यावर मामांनी तो दुकानाच्या काउंटरवर मांडला. येणारा प्रत्येक जण जाळीवर टिचकी मारी, गुळाचा खडा किंवा चहात बुडवलेले बिस्किट आत सारी आणि ती दचकली की हसे.

दिवाळीत मी गेले तेव्हा तिचे पुढचे दोन्ही पाय उघडे पडले होते आणि कुशीवर विरळ चट्टे दिसत होते. मामीने मला मागच्या दाराशी ओढले.

“पाह्य वं बाई, तिच्या जोडीवालीसारखी हे बी जाईन काय? तू शिकलेली हायेस. मले खरं सांग.”

खरे सांगण्यासाठी मी पिंजऱ्यासमोर स्टूल घेऊन बसले. कातडी स्वच्छ होती. खपली नाही, कोंडा नाही, लाली नाही. केस मुळातून गळालेले नव्हते, त्यांचे आखूड खुंट शिल्लक होते, म्हणजे ते दातांनी कापलेले होते. डोके, मान आणि खांद्यांमधला भाग मात्र दाट होता. जिथे तिचे तोंड पोहोचत होते तिथे केस नव्हते; जिथे पोहोचत नव्हते तिथे ते शाबूत होते. परजीवी इतका सोयीचा नकाशा पाहून बसत नाहीत. मी पाहत असतानाही ती पाय चाटत होती, थांबत होती, पुन्हा चाटत होती. कळपात राहणारा प्राणी एकटा, चघळायला गवत नाही, लोळायला रेती नाही, लपायला कोपरा नाही आणि डोक्यावर दिवसभर टिचक्या. तिच्या हाती उद्योग म्हणून स्वतःचे अंगच तेवढे उरले होते.

मामांनी तोवर केसांचे चार तुकडे पिशवीत घेऊन उजेडाकडे धरले होते.

“कोळी हाये,” त्यांनी जाहीर केले. कपाशीचा रस शोषणारी बारीक लाल कीड, तिला ते कोळी म्हणतात. “पंधरा लिटरच्या पंपाले दोन झाकनं. इचं अंग केवढं? चमचाभर पान्यात एक थेंब. बोळ्यानं पुसलं का झालं.”

“मामा, केस गळलेले नाहीत. ती स्वतः कुरतडते आहे.”

“सोताचेच केस कोनी खाते काय वं?”

“खाते ना भाऊ,” बाकावर बसलेला एक शेतकरी म्हणाला. “आमच्या घरची राग आला का नखं खाते.”

“मंग तिच्या नखाले मार फवारा!” मामांनी टोला दिला.

दुकान हसले. मामा उत्साहाने माझ्याकडे वळले. “एवढी वर्षं मी हिथं झक मारून राह्यलो काय? तालुक्यातली कीड मले वयखते, पोरी.”

“ओळखत असेल. पण इथे कीडच नाही.”

“आयका ना हो तिचं,” मामी दारातून म्हणाली. “ते शिकून आली हाये. उगाच नका लावू काई.”

“तू चाय मांड.”

त्यांनी फळीवरची बाटली उघडली, कापसाचा बोळा भिजवला आणि पिंजऱ्याचे दार वर केले. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. आतापर्यंत मी पुरावा देत होते. पुरावा हा या माणसाच्या उपयोगाचा जिन्नस नव्हता, हे मला जरा उशिराच उमगले.

“ती दिवसभर हेच पाय चाटते,” मी म्हणाले. “तुम्ही जे लावाल ते सगळं तिच्या पोटात जाणार. तेव्हा आधी तुमच्या मनगटाला लावा आणि सगळ्यांसमोर चाटून दाखवा. मग मी काही बोलणार नाही.”

बाकावरच्या त्या शेतकऱ्याच्या मांडीवर त्याच औषधाची बाटली होती. त्याने ती फिरवून लेबलवरचा, विष किती जहाल ते दाखवणारा रंगीत त्रिकोण पाहिला. ‘काई होत नाई, तोंडाले दुपट्टा बांध’ असे याच काउंटरवरून सांगणाऱ्या मामांनी हातातला बोळा बाहेर फेकला आणि झाकण लावले.

“पोरीसोरीच्या नादी लागलं का असंच होते,” ते पुटपुटले आणि आत ओरडले, “साबन आन वं.” हात त्यांनी पार कोपरापर्यंत घासून धुतले.

मामीने त्याच संध्याकाळी पिंजरा स्वयंपाकघरात नेला. बिस्किटे आणि गूळ बंद झाले. वाळलेले गवत, बांबूचे तुकडे, पैनगंगेची बारीक चाळलेली रेती आली. मामी भाजी निवडताना एक हात पिंजऱ्यात ठेवून बसे. दुसरी मादी आणायला हवी, असे मी मामेभावाला कळवले. त्याने उत्तरादाखल लाल बदामांची रांग पाठवली. भूतदयेचा हा सर्वांत स्वस्त प्रकार असावा.

संक्रांतीला मी पुन्हा गेले तेव्हा कुशी भरली होती. पायांवर मऊ, किंचित फिकट केस आले होते. डाव्या पायावरचा एक चट्टा मात्र उघडाच होता, कारण माणसाचा हात म्हणजे दुसरा डेगू नव्हे. मी तिला पाहून दुकानात आले, तर मामा एका नव्या गिऱ्हाइकाला बाटली दाखवत होते.

“आमच्या विदेशी खारीले कोळी व्हता. एका थेंबात साफ. आता पाह्य, कशी गुबगुबीत झाली.” त्यांनी मान वळवून हाक मारली, “अवं, आन तिले भाईर! पाव्हन्याले दाखवाची हाये.”

मी तोंड उघडणार, तोच आतून मामीचा आवाज आला.

“झोपली हाये!”

“मंग उठव ना.”

स्वयंपाकघराची कडी आतून लागल्याचा आवाज आला, आणि मामा बाटली हातात धरून गिऱ्हाइकाकडे पाहत उभे राहिले.